गव्हाच्या काडाच्या हायड्रोलायझेटवर यीस्ट भरपूर वाढतं, पण तेल धरत नाही

काड_ते_डिझेल विचारतात:

बायोडिझेलसाठी काडातून सोडवलेल्या साखरेच्या द्रवावर (हायड्रोलायझेट) तेल साठवणारं यीस्ट वाढवतोय: ऱ्होडोटोरुला टोरुलॉइड्स (जुनं नाव ऱ्होडोस्पोरिडियम). शुद्ध ग्लुकोज आणि झायलोज (काडातली दुसरी साखर) यांवर छान तेल देतं, काडाच्या साखरेवर नाही. पद्धत अशी:

काड २ मिमीपर्यंत दळलेलं, १०० ग्रॅम/लिटर. २ टक्के सल्फ्युरिक आम्लात ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना ६० मिनिटं. द्रव गाळून अमोनियाच्या द्रावणाने पीएच ५.५ वर आणला. उरलेला चोथा धुऊन सेल्युलेज या सेल्युलोज फोडणाऱ्या एन्झाइमखाली ठेवला: सेल्युलोजच्या दर ग्रॅमला १५ एफपीयू (एन्झाइमच्या ताकदीचं एकक), पीएच ४.८, ५० अंश, ७२ तास. दोन्ही द्रव समप्रमाणात मिसळून व्हॅक्यूमखाली निम्म्यावर आटवले. शेवटी ग्लुकोज ३६ आणि झायलोज २४, म्हणजे एकूण ६० ग्रॅम/लिटर साखर.

त्यात यीस्ट एक्स्ट्रॅक्ट २, अमोनियम सल्फेट १, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १ आणि मॅग्नेशियम सल्फेट १.५ ग्रॅम/लिटर. २५० मिलिच्या फ्लास्कमध्ये ५० मिलि, ३० अंश, २०० आरपीएम, १२० तास.

शुद्ध साखरेवर (तेवढीच साखर, तेच क्षार) पेशींचं कोरडं वजन १८ ग्रॅम/लिटर, त्यात ५२ टक्के लिपिड (तेल). हायड्रोलायझेटवर कोरडं वजन २४, लिपिड फक्त १४ टक्के. दोन्हीकडे साखर जवळजवळ संपते. फर्फ्युरलचा (आम्लात तापवताना साखरेपासून बनणाऱ्या विषारी पदार्थाचा) त्रास असावा असं वाटतं. सक्रिय कोळसा किती टक्के घालावा, आणि त्यात साखर किती जाते?

---

यीस्टमास्तर:

कोळसा बाजूला ठेवा. फर्फ्युरल नडत असतं तर सुरुवातीची सुस्ती लांबली असती आणि पेशींचं वजन घटलं असतं. तुमच्याकडे वजन वाढलंय. यीस्ट मजेत आहे, इतकं मजेत की त्याला तेल साठवायची गरजच पडत नाही. खोट अमोनियात आहे.

आकडे मांडू. २ टक्के म्हणजे लिटरला २० ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल, ०.२०४ मोल. ते मारायला ०.४०८ मोल अमोनिया लागतो, म्हणजे ५.७ ग्रॅम नायट्रोजन. काडाच्या राखेतले क्षार थोडं आम्ल खातात, तेवढा कमी धरा. मग तुम्ही हा द्रव दुसऱ्या तेवढ्याच द्रवात मिसळून अर्ध्यावर पातळ केला आणि आटवून पुन्हा दुप्पट केला. अमोनियम सल्फेट काही उडून जात नाही, त्यामुळे फिरून आकडा तोच: साधारण ५.५ ग्रॅम/लिटर नायट्रोजन.

साखरेत कार्बन ४० टक्के, म्हणून ६० ग्रॅममध्ये २४ ग्रॅम. वजनाने कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर ४ च्या आसपास, मोलमध्ये ५ च्या आत. तेलासाठी मोलमध्ये निदान ६० ते ८० हवं.

आता शुद्ध साखरेचा फ्लास्क. अमोनियम सल्फेटमध्ये नायट्रोजन २१.२ टक्के, यीस्ट एक्स्ट्रॅक्टमध्ये १० ते ११. एकाचे ०.२१, दुसऱ्याचे ०.२१, मिळून ०.४२ ग्रॅम. गुणोत्तर वजनाने ५७, मोलमध्ये ६७. म्हणून ५२ टक्के.

हे खरं की नुसता तर्क, ते तुमच्याच आकड्यांवरून पडताळता येतं. हायड्रोलायझेटमधल्या २४ ग्रॅममधून १४ टक्के तेल वजा केलं की २०.६ ग्रॅम तेलविरहित पेशी उरतात. उपाशी पेशीतही ५ टक्क्यांच्या आसपास नायट्रोजन असतो, म्हणजे १ ग्रॅमहून जास्त. क्षारांतून तुम्ही दिला ०.४२. उरलेला कुठून आला?

नायट्रोजन संपणं एवढं का लागतं, तेही थोडक्यात. नायट्रोजन संपला की पेशी एएमपी (ऊर्जाव्यवहारातला नायट्रोजनयुक्त रेणू) मोडून त्यातला अमोनिया वापरते. एएमपी उतरलं की मायटोकॉन्ड्रियातलं आयसोसायट्रेट डीहायड्रोजनेज हे एन्झाइम थांबतं, कारण तेलधारी यीस्टमध्ये ते एएमपीवर चालतं. मग सायट्रेट तुंबतं, पेशीद्रवात बाहेर पडतं, तिथे एटीपी-सायट्रेट लायेज त्याचं असेटिल-कोए करतं आणि तिथून मेदाम्लं बनतात. अमोनियम शिल्लक असेल तर ही साखळी सुरूच होत नाही. साखर पेशी वाढवण्यात आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये जाते.

उपाय: पीएच चुन्याने वर आणा. २० ग्रॅम आम्लाला साधारण १५ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड. जिप्सम सुमारे ३५ ग्रॅम/लिटर पडेल. गाळण जड जातं, व्हॅक्यूम फनेलवर फिल्टर-एड टाका. विरघळलेलं जिप्सम लिटरला २ ग्रॅमच्या वर उरतं आणि आटवताना पुन्हा बाहेर पडतं, म्हणून आटवून थंड केल्यावर दुसऱ्यांदा गाळा. नाहीतर ते भांड्याला आणि पेशींच्या गोळ्याला चिकटतं.

अवरोधकही (फर्फ्युरलसारखे वाढ अडवणारे पदार्थ) काढायचे असतील तर याच पायरीत पीएच १० पर्यंत चढवा, ५०-६० अंशांना ३० मिनिटं ठेवा, मग सल्फ्युरिक आम्लाने खाली आणून गाळा. १० च्या वर नेऊ नका, वेळही वाढवू नका. अल्कलीत झायलोज आधी मोडतं. फॉस्फेट आणि मॅग्नेशियम या पायरीनंतरच घाला. आधी घातलं किंवा काडातूनच आलेलं असलं, तरी कॅल्शियम फॉस्फेट होऊन गाळात जातं आणि पुढे वाढ अडते. ते पाहून माणूस पुन्हा फर्फ्युरलला दोष देतो.

---

शर्करामापी:

यीस्टमास्तरांशी सहमत, पण चुन्यावर गेल्यावरही नायट्रोजन शून्य समजू नका. गव्हाच्या काडात अर्ध्या टक्क्याच्या आसपास नायट्रोजन असतो. १०० ग्रॅम/लिटरला ०.५ ग्रॅम, त्यातला काही भाग आम्लात उतरतो. एन्झाइमही प्रथिनच आहे. सेल्युलोजच्या ग्रॅमला २० मिलिग्रॅम प्रथिन धरलं आणि सेल्युलोज ४० ग्रॅम/लिटर, तर ०.८ ग्रॅम प्रथिन, म्हणजे ०.१३ ग्रॅम नायट्रोजन. हे यीस्ट प्रोटिएज सोडतं, त्यातला काही भाग ते वापरणारच. म्हणून आटवलेल्या, गाळलेल्या द्रवाचा एकूण नायट्रोजन जेल्डालने आणि अमोनियम वेगळा इंडोफिनॉल पद्धतीने मोजा. त्यानंतरच काय घालायचं ते ठरवा.

६० ग्रॅम साखरेला मोलमध्ये ८० हवं असेल तर एकूण नायट्रोजन ०.३५ ग्रॅम/लिटर. द्रवातच ०.२५ निघाला तर यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ ग्रॅमवर आणा आणि अमोनियम सल्फेट शून्य करा. गुणोत्तर दीडशे-दोनशेपर्यंत ताणण्यात अर्थ नाही. पेशी लठ्ठ होतात पण संख्येने कमी, साखर खायला दुप्पट वेळ लागतो आणि लिटरमागे तेल उलट घटतं.

दुसरं, टक्केवारीवर फार विसंबू नका. हायड्रोलायझेटमधून लिग्निनचे बारीक कण आणि जिप्सम पेशींबरोबर खाली बसतात, कोरडं वजन फुगतं आणि लिपिडचा टक्का खोटा कमी दिसतो. यीस्ट न घातलेला तोच द्रव १२० तास हलवून, तसाच सेंट्रिफ्यूज करून, धुऊन, सुकवून वजन करा आणि ते वजा करा. निकाल ग्रॅम/लिटर तेलात आणि साखरेच्या ग्रॅममागे तेलात लिहा. तुमचं शुद्ध साखरेवरचं उत्पन्न ०.१६, हायड्रोलायझेटवरचं ०.०६ च्या खाली. सैद्धांतिक मर्यादा ०.३२ च्या आसपास आहे, प्रत्यक्षात ०.२० गाठलं तरी उत्तम.

तेल कसं काढता ते लिहिलेलं नाही. या यीस्टची भिंत जाड असते, नुसत्या क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने बरंचसं तेल आतच राहतं. १०० मिलिग्रॅम सुक्या पेशी, ४ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २ मिलि, ८० अंशांना तासभर. थंड करून क्लोरोफॉर्म-मिथेनॉल (१:१) ४ मिलि, जोरात हलवून सेंट्रिफ्यूज. खालचा थर काढून ०.१ टक्के मिठाच्या पाण्याने धुवा, उडवा, स्थिर वजनापर्यंत सुकवा. या तेलाचं आम्लमूल्य मात्र काढू नका, आम्लाने मेदाम्लं सुटी झालेली असतात. शिवाय गुलाबी रंगद्रव्य, स्टेरॉल, फॉस्फोलिपिड हे सगळं या वजनात मोजलं जातं. बायोडिझेलच्या कामाचा आकडा हवा असेल तर सी-१७ अंतर्गत प्रमाणक (तुलनेसाठी मोजून घातलेलं १७ कार्बनी मेदाम्ल) टाकून थेट मिथिल एस्टर (हेच बायोडिझेल) करा आणि जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ) मोजा.

---

कोळसेवाला:

कोळसा एकदम मोडीत काढू नका. २ ते ३ टक्के, ५० अंश, तासभर हलवून गाळला तर फिनॉलवर्गीय संयुगं, फर्फ्युरल आणि रंग चांगला निघतो, आणि साखरेचं नुकसान मोठं नसतं. तुमच्या सौम्य तापमानाला फर्फ्युरल कमीच होतं, पण उद्या १६०-१८० अंशांच्या रिॲक्टरवर गेलात की लागेल.

---

यीस्टमास्तर:

१६०-१८० अंशांवर मान्य. १२१ वर मला पटत नाही. फर्फ्युरल पाण्याच्या वाफेबरोबर उडतं. व्हॅक्यूमखाली निम्मं आटवलं की बहुतेक निघून जातं. उरलेलं हे यीस्ट स्वतःच फर्फ्युरिल अल्कोहोलमध्ये बदलतं. साधारण १ ग्रॅम/लिटरच्या पुढे वाढ मंदावायला लागते, तेवढं इथे उरण्याची शक्यता कमी.

इथे जास्त लक्ष ॲसिटिक आम्लाकडे हवं. हेमिसेल्युलोजवरचे असेटिल गट सुटून ते येतं, उदासीन केल्यावर क्षार होतं आणि आटवताना जात नाही, उलट दाट होतं. कोळसाही ते नीट धरत नाही. त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मं आम्ल आयनांत फुटलेलं असतं) ४.७६. पीएच ४.५ ला ६५ टक्के अविभाजित (न फुटलेल्या) स्वरूपात, ५.५ ला १५, ६ ला ५ टक्के. पेशीत घुसतो तो अविभाजित भागच. म्हणून सुरुवात पीएच ६ ला करा, मग हे यीस्ट त्याला कार्बन म्हणून खाऊनही टाकतं.

आणखी एक सापळा. साखर-चाचणीच्या प्रयोगशाळा पद्धतीत जंतू वाढू नयेत म्हणून सोडियम अझाइड किंवा सायक्लोहेक्झिमाइड टाकतात. ती पद्धत जशीच्या तशी उचलली तर यीस्टच मरतं. ७२ तास निर्जंतुक ठेवायचं असेल तर चोथा आधी ऑटोक्लेव्ह करा आणि एन्झाइम गाळून घाला.

---

काड_ते_डिझेल:

अमोनियावाला द्रव बराच साठलेला आहे. तो फेकावा, की पीएच वाढवून अमोनिया उडवता येईल? आणि पुढे ५ लिटरच्या फर्मेंटरवर जाताना काय बदलावं?

---

यीस्टमास्तर:

उडवता येतो, पण परवडत नाही. दर लिटरला पुन्हा १५-२० ग्रॅम चुना, ६० अंश, तासन्‌तास हवा, फ्यूम हूड, आणि तेवढ्या वेळात झायलोज मोडणार. त्यापेक्षा तो नायट्रोजनचा साठा म्हणून वापरा. ५.५ ग्रॅम/लिटर असेल तर लिटरभर माध्यमाला ६० मिलि पुरे, ०.३३ ग्रॅम नायट्रोजन झाला. अमोनियम सल्फेट विकत घ्यायलाच नको. फक्त चुन्याच्या द्रवात आधीच किती आहे ते वजा करा.

फर्मेंटरमध्ये दोन टप्पे करा. पहिल्या टप्प्यात गुणोत्तर २० च्या आसपास ठेवून पेशी वाढवा, इथे हा अमोनियावाला द्रव चालेल. नायट्रोजन संपला की फक्त कार्बन द्या: चुन्याने उदासीन केलेला, २५० ग्रॅम/लिटरच्या पुढे आटवलेला द्रव, आतली साखर १० ते ३० मध्ये राहील अशा बेताने. आटवताना ॲसिटेट आणि क्षारही त्याच प्रमाणात वाढतात, हे फीड (वरून घालायचा द्रव) ठरवताना मोजा.

पीएच नियंत्रणाला अमोनियाची बाटली लावलेली असेल तर तीच चूक मागच्या दाराने परत येते. सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड लावा. अमोनियम खाताना पेशी आम्ल सोडतात, म्हणून बेसचा पंप चालत राहतो. तो अचानक थंडावला की नायट्रोजन संपला असं समजा आणि नमुना काढून खात्री करा.

हे यीस्ट पूर्ण हवाजीवी आहे. विरघळलेला ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या वर ठेवा. फेस येणारच, पण फेसनाशक थेंबाथेंबाने घाला. सिलिकॉनचं जास्त झालं तर ऑक्सिजन विरघळणं मंदावतं, आणि तेलजातीचं वापरलं तर लिपिडच्या मोजणीत दिसतं.

ग्लुकोज संपल्यावर झायलोजकडे वळायला वेळ लागतो. झायलोजवर मधेच अरॅबिटॉल (एक साखर-अल्कोहोल) बाहेर टाकलं जातं, एचपीएलसीवर (द्रव क्रोमॅटोग्राफी) ते शिखर शोधा, नाहीतर कार्बनचा ताळा जमत नाही. दोन्ही साखरा एकाच वेळी खाणारं हवं असेल तर क्युटेनिओट्रायकोस्पोरॉन ओलिॲजिनोसस हे यीस्ट पाहा. लिपोमायसिस स्टार्कीही चालतं, पण संथ.

थांबायचं साखर ३ ते ५ ग्रॅम/लिटर उरली की. पूर्ण संपू दिली तर पेशी स्वतःचंच तेल जाळायला लागतात.

---

घाणेवाला:

पुढचं टाकतो, कारण तेल पेशीत दिसलं म्हणजे डिझेल झालं असं नाही.

फर्मेंटर थांबवल्याबरोबर तिथेच ८० अंशांना १५-२० मिनिटं गरम करा. तसं न करता ओला गोळा रात्रभर ठेवला तर पेशीतले लायपेज ट्रायग्लिसराइड फोडतात आणि मुक्त मेदाम्लं वाढतात. मग सेंट्रिफ्यूज करून दोनदा पाण्याने धुवा. सल्फेट, सोडियम, कॅल्शियम इथेच गेले तर बरे, तेलात आले की साबण होतात.

थोड्या मालासाठी थेट पेशीतच एस्टर करणं सोपं: पूर्ण सुकवलेली पावडर, दर ग्रॅमला २० मिलि मिथेनॉल, त्यात ०.२ मोलर सल्फ्युरिक आम्ल, बंद भांड्यात ७० अंश, २० तास. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, म्हणून भांडं दाब सहन करणारं हवं. पाणी उरलं तर अभिक्रिया अर्ध्यावर अडते. एवढं मिथेनॉल परत मिळवायचा खर्च मोठा आहे, म्हणून हे प्रयोगशाळेपुरतंच.

मोठ्या मालाला पेशी हाय-प्रेशर होमोजिनायझरमधून फोडून हेक्झेनने तेल काढा. त्यात फॉस्फोलिपिड येतात, ते आधी काढा: ७० अंशांवर ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्ल तेलाच्या ०.१ टक्का, १५ मिनिटं, मग २-३ टक्के पाणी, हलवून सेंट्रिफ्यूज. ही पायरी गाळली तर धुताना असं इमल्शन बसतं की दोन थर वेगळेच होत नाहीत. शिवाय बायोडिझेलच्या युरोपीय मानकात, ईएन १४२१४ मध्ये, फॉस्फरसची मर्यादा ४ मिलिग्रॅम/किलो आहे, अमेरिकी एएसटीएम डी६७५१ मध्ये १०.

मुक्त मेदाम्लं १ टक्क्याच्या वर असतील तर आधी आम्ल-एस्टरीकरण. मग १०० ग्रॅम तेलाला २२ ग्रॅम मिथेनॉल (मोलमध्ये ६:१), सोडियम मेथॉक्साइड ०.५ ते १ टक्का, ६० अंश, १ तास. सुमारे १० ग्रॅम ग्लिसरीन खाली बसेल. या यीस्टच्या तेलात ओलेइक आणि पामिटिक जास्त, लिनोलेनिक कमी, म्हणून सीटेन (इंजिनात पेटण्याचा गुण) आणि ऑक्सिडेशन-स्थैर्य चांगलं मिळतं. पामिटिकमुळे थंडीत मात्र लवकर गोठतं.

आणि टनाचा हिशोब एकदा डोळ्यांखालून घाला. १ टन कोरडं काड, सेल्युलोज ३८ टक्के, झायलन (ज्यातून झायलोज निघतं) २३ टक्के. ग्लुकोज ८५ टक्के निघालं तर ३६० किलो, झायलोज ८० टक्के निघालं तर २१० किलो. साखरेच्या ग्रॅममागे ०.१८ तेल आणि काढताना १० टक्के घट धरली तर हाती ९२ किलो, ऊर्जा साधारण ३.४ गिगाज्यूल. तीच ५७० किलो साखर इथेनॉलला दिली तर सैद्धांतिकच्या ८५ टक्के दराने २४७ किलो, ६.६ गिगाज्यूल, तेही हवा न फुंकता. डिझेलच हवं असेल तर हा मार्ग ठीक. नुसतं इंधन हवं असेल तर या मार्गाने इथेनॉलच्या निम्मीच ऊर्जा हाती येते.

---

काड_ते_डिझेल:

चुन्याऐवजी कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) चालेल का? गाळणीचा त्रास वाचेल.

---

शर्करामापी:

२० ग्रॅम आम्लाला १६.३ ग्रॅम कॉस्टिक लागेल आणि २९ ग्रॅम सोडियम सल्फेट तयार होईल. फ्लास्कमध्ये ६० ग्रॅम साखरेला हे निभतं. फीडसाठी चारपट आटवायला गेलात की ११६ ग्रॅम/लिटर मीठ होईल, आणि तो द्रव फर्मेंटरमध्ये टाकत गेलात की वाढ थांबेल. गाळणीच टाळायची असेल तर आम्ल ०.७५ ते १ टक्क्यावर आणा आणि तापमान १५०-१६० अंशांवर न्या, वेळ १०-१५ मिनिटं. बेस अर्धा लागेल. फक्त तिथे फर्फ्युरल वाढतं, त्यामुळे कोळसेवाल्यांचे २ टक्के तेव्हा कामाला येतील.